भिवाजीच्या नावावर पडलेलं काम

ट्रंकेच्या तळाशी ही पिवळी पडलेली पानं दिसतात ना, मित्रांनो, ती मी. मी एक जुना शोधनिबंध आहे. तुम्ही म्हणाल, कागदाला कसलं आलंय चरित्र? अहो, माणसाचा जीव ज्यात अडकतो, त्याला चरित्र असतंच.

त्र्याहत्तर साली, दुष्काळाच्या पाठोपाठ, माझा जन्म झाला. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत देवमन खिल्लारे नावाचा तरुण रेणवीय जीवशास्त्राचं काम करत होता. ज्वारीचा दाणा रुजताना त्याच्या पेशी प्रथिनं कशी घडवतात, हे त्याने शोधलं आणि माझ्यात लिहिलं. ज्वारी होती त्याच्या गावची, आसेगावची. ती पिशवीत बांधून पाठवली होती त्याच्या बापाने, भिवाजीने. भिवाजी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला, अक्षरशत्रू माणूस.

माझ्या माथ्यावर देवमनने आपलं नाव घातलं, देवमन भिवाजी. आडनाव त्याने लावलंच नाही. आमच्याकडे पोराला आडनावाने कोण ओळखतो? 'भिवाजीचा देवमन' म्हटलं की झालं. शाळेत हजेरीसुद्धा तशीच होई. चूक तिथे झाली, पण तेव्हा ती कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

माझी भावंडं, म्हणजे माझ्याच छापील प्रती, पाकिटात बसून देशोदेशी गेली. तिकडचे शास्त्रज्ञ आपल्या लेखात माझा आधार घेत आणि खाली माझ्या लेखकाचं नाव देत. कोणाचा आधार किती जणांनी घेतला, हे टिपून ठेवणारे जाडजूड ग्रंथ असतात. शास्त्रज्ञाची पत त्यावरून ठरते.

मी मात्र आसेगावला आलो.

"जवारीवर लिवलं? अन् गोऱ्या लोकायनं वाचलं?" भिवाजीला हसू आवरेना. "अरे, त्यायले भाकर तरी ठाऊक हाय का?"

देवमनने त्याचं बोट धरून माझ्या माथ्यावर टेकवलं. "बा, हे तुहं नाव हाय."

भिवाजी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "केशर, पाह्य वं! मी छापून आलो."

तेव्हापासून तो शेलूबाजारला निघाला की मी त्याच्या बंडीच्या खिशात. चहाच्या हॉटेलात मला उलगडून तो सांगे, "हा मी, अन् हे माह्यं पोरगं." काय सुख होतं ते, मित्रांनो!

पुढे प्रयोगशाळेत कायमची जागा निघाली. देवमनची तात्पुरती नेमणूक संपत आली होती. ही जागा हुकली तर संशोधनच सुटणार होतं. तो मुलाखत देऊन घरी आला, तो तोंड पाडूनच.

"काहून बोलत नाही रे?" केशरबाईने विचारलं.

मग त्याने सांगितलं. अर्ज होता पदवीवरच्या नावाने, खिल्लारे म्हणून. परीक्षकांनी आधारांच्या नोंदींचा तो जाडजूड ग्रंथ उघडला. परदेशी रीतीने शेवटचं नाव तेच आडनाव धरलेलं, म्हणून खिल्लाऱ्याच्या नावावर काहीच नाही, आणि भिवाजीच्या नावावर नोंदीच नोंदी. "भिवाजी माझे वडील, निबंध माझाच आहे," देवमन कळवळून म्हणाला. त्यावर एक परीक्षक म्हणाले, "मग ही जागा तुमच्या वडिलांनाच द्यायला हवी!" सगळे खो खो हसले. पुरावा आणा म्हणाले, आणि तो पोचण्याआधीच दुसऱ्याला नेमून मोकळे झाले.

भिवाजीने बंडीच्या खिशातून मला काढलं आणि माझ्या माथ्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे मेहनत तुही, अन् जमा झाली माह्या नावावर?"

"बा, तुहा काय दोष त्याच्यात?"

"दोष कसा नाही? पोराले द्याले माह्यापाशी एक नावच होतं. त्यानंच तुह्या तोंडचा घास नेला रे!" त्याने मला देवमनच्या हातात दिलं. "आता लिवशीन तवा मले काढून टाक."

"बा, असं नको म्हणू!" देवमन बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. केशरबाईने पदर तोंडात धरला. माझं तर काळीज फाटलं. ज्या नावाने मी मिरवलो, तेच त्या घराला नडलं.

देवमनला आणखी एकच निबंध लिहायला मिळाला. तोही घरी आला. भिवाजीने त्याचा माथा बोटाने चाचपला. त्यावर फक्त 'देवमन खिल्लारे' आहे, असं देवमनने वाचून सांगितलं. "आता बरोबर झालं," तो म्हणाला आणि आम्हा दोघांना ट्रंकेत ठेवून त्याने झाकण लावलं. त्यानंतर शेलूबाजारला तो रिकाम्या खिशानेच जाई. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो गेला. देवमन आता वाशीमला शाळेत विज्ञान शिकवतो. दूरदेशी अजूनही कोणी माझा आधार घेतं, आणि नोंद भिवाजीच्याच नावावर पडते.

मित्रांनो, मला वाळवी लागली आहे, माझे थोडेच दिवस उरले. मला जपा असं मी म्हणत नाही. पण उद्या तुम्ही शिकून मोठे व्हाल, कोणाच्या कामाचं मोल ठरवायला खुर्चीवर बसाल. तेव्हा समोरचा आपल्या बापाचं नाव सांगू लागला, तर एवढंच करा. हसू नका.