बेटावर न उतरणारी बाई

बेटापर्यंत जायचं आणि बेटावर उतरायचं नाही, असं माणूस ब्लेड गावच्या तळ्यावर दुसरं नव्हतं. ही बाई दर सप्टेंबरात यायची, लोइझे नावाड्याच्याच नावेत बसायची. बाकीची मंडळी पायऱ्या चढून चर्चमधली घंटा वाजवायला, मनातलं मागायला वर गेली, की ही आपली फळीवर बसून राही. मंडळी परत आली की त्यांच्याबरोबर परत.

धक्क्यावरच्या नावाड्यांना तेवढंच चघळायला.

"गुडघे गेले असतील," टोने म्हणायचा.

"गुडघे? धक्क्यावरून टुणकन नावेत उतरते ती."

"मग पापी असेल. देवाच्या दारात जायला भीत असेल."

"तू रोज जातोस की त्या दारापर्यंत. तुला कुठे भीती वाटते?" लोइझे म्हणाला, आणि टोनेने तोंडातला क्रेमश्निते केकचा घास गिळला.

पण विचारायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाला हवापाणी विचारावं, मनातलं विचारू नये, हा लोइझेच्या बापाने घालून दिलेला नेम. लोइझेने तो पाळला खरा, पण वर्षानुवर्षं त्या प्रश्नाने त्याला पोखरलं होतं. आणि यंदाचा हंगाम त्याचा शेवटचा. खांदा कामातून गेला होता. हंगाम संपला की वल्ही पुतण्याच्या, युरेच्या हाती जायची होती. युरे क्रान्यला बँकेत होता आणि त्याला नावेत धड उभंही राहता येत नव्हतं. पण लोइझेच्या घरात नाव बापाकडून मुलाकडे जायची, मुलगा नसेल तर पुतण्याकडे.

लोइझेला होती मुलगी. नेझा लहानपणापासून पहाटे रिकामी नाव तळ्यात फिरवायची, आणि बापापेक्षा बरी फिरवायची. "बाबा, मला द्या ना वल्ही," असं ती वसंतात एकदाच म्हणाली. लोइझे म्हणाला, "बघू." त्या घरात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नेझाने मग हंगामानंतरसाठी समुद्रावर, पिरानला, हॉटेलात नोकरी पाहून ठेवली. लोइझेने वाईट वाटलं असं म्हटलं नाही. वाटलं मात्र खूप.

यंदाही सप्टेंबरात बाई आली. नेझा नेहमीसारखी लोकांना बसवत होती. सपाट बुडाची नाव, वजन दोन्हीकडे सारखं हवं. "काका, तुम्ही डावीकडे. ताई, तुम्ही समोर." बाईला मात्र कधी सांगावं लागत नसे. ती नेमकी हवी तिथे बसे.

तळ्याच्या मध्यावर एक गलेलठ्ठ गृहस्थ फोटोसाठी एकदम उठले. नाव कलली. लोइझेने वल्हं दाबायच्या आत बाई समोरच्या फळीवर सरकली होती, गप्पांतलं वाक्यही न तोडता. नाव सावरली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोइझे मात्र तिच्याकडे बघतच राहिला. हे शिकवून येत नाही, नावेतच वाढावं लागतं.

बेटावर मंडळी वर गेली आणि लोइझेने बापाचा नेम मोडला.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा. मला वाटलं होतं, पहिल्याच वर्षी विचाराल."

"वर का जात नाही तुम्ही?"

"वर काय आहे? मी इथलीच, पलीकडच्या म्लिनोची. लहानपणी ती घंटा वाजवून वाजवून दोर झिजवलाय. दर वेळी मागणं एकच."

"काय?"

"वल्ही." ती हसली. "आमचे बाबा नावाडीच. आम्ही दोघी बहिणी. नाव चुलतभावाकडे गेली. त्याने ती छपरीत ठेवली, तिथेच कुजली. मी ल्युब्लियानाला निघून गेले. बेट बघायला कोण येतंय? तुम्ही डावा गुडघा वाकवून वल्हवता ना, तसेच बाबा वल्हवायचे. तेवढं बघायला येते."

"तुम्ही मागितली नव्हतीत त्यांच्याकडे?"

"मागितली की. ते 'बघू' म्हणाले."

वर कुणीतरी घंटा वाजवली. परतताना गलेलठ्ठ गृहस्थ पुन्हा उठले, तरी लोइझे रागावला नाही.

धक्क्यावर नेझा दोर घेऊन उभी होती. मंडळी उतरली, नवी आली.

"नेझा, मागे ये. वल्ही घे."

"खांदा दुखतोय का, बाबा?"

"नाही."

नेझा जागची हलली नाही. "आणि युरे?"

"युरेला बँकच बरी. मी सांगतो त्याला. तू ये."

ती आली. बापाच्या हातातून तिने वल्ही घेतली. तिचा डावा गुडघा वाकला. लोइझे पुढे आला आणि दोन फळ्यांच्या मध्ये घुटमळला. या नावेत प्रवासी म्हणून कुठे बसायचं, ते त्याला माहीतच नव्हतं.

बाई या तीरावरही उतरली नव्हती. तिने शेजारची जागा थोपटली.

"इकडे बसा," ती म्हणाली. "ही बाजू हलकी आहे."