खुंटीवरचे बूट

एकसष्ट सालच्या सव्वीस जानेवारीच्या शर्यतीतून मी अर्ध्या वाटेवरून कडब्याच्या गाडीत बसून अणदूरला परतलो. तेव्हापासून गावानं माझं बसवराज हे नाव टाकून दिलं आणि मला फोडप्पा केलं. एरवी अनवाणी मी नळदुर्गापर्यंत सहज पळत असे. पण शर्यत भरवणाऱ्या शाळेच्या मास्तरांचा नियम, बुटाशिवाय शर्यतीत घेणार नाही. म्हणून सोलापूरहून कातडी बूट आणले, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, खुंटीला टांगले आणि थेट शर्यतीच्या दिवशी पायात घातले. टाचांना लिंबाएवढे फोड आले. वर शहाण्यासारखं त्यांचं कातडं सोललं आणि पंधरा दिवस खाटेवर बसलो.

बासष्ट सालची शर्यत पुरी केली नाही, तर फोडप्पा म्हणूनच मरणार, याची मला धास्ती होती.

माझी बायको शिवम्मा म्हणाली, "बूट रोज घाला की. शेताला जाताना घाला, कातडं नरम पडंल."

"बूट घालून शेताला? गाव हसंल."

"गाव आताबी हसायलंच. का यंदाबी कडब्याची गाडी सांगून ठिवू?"

मी चिडलो; बुटांना हात लावला नाही की खुंटीकडं बघितलं नाही. मी रस्त्यावर सराव करी, अर्थात अनवाणी. शिवम्मा दिवसभर ज्वारीत पाखरं राखायला जाई. त्या दिवसांत ती जरा लंगडत होती. विचारलं तर म्हणाली, काटा मोडलाय.

शर्यतीच्या सकाळी तिनं माझ्या टाचांना, बोटांच्या बेचक्यांत एरंडेल चोळलं. बूट घातले तर पाय अलगद आत गेला. मी शेवटपर्यंत पळालो. सातवा आलो, पण स्वतःच्या पायांनी आलो!

घरी छाती काढून शिरलो. "बघ, बुटालाबी माणूस कळतो."

शिवम्मा पाय लुगड्याखाली घेऊन बसली होती, उठलीच नाही. मला राग आला.

"गाडीतून आलो तवा तर दारापर्यंत आली होतीस," असं म्हणत मी बूट काढून आपटला. आतून ज्वारीच्या पात्याचा तुकडा पडला. मी तर बूट कधी शेतात नेलेच नव्हते.

"पाय दाखव."

"काटा हाय म्हटलं की."

मी लुगड्याचा काठ सारला. दोन्ही टाचांना फोड, जुन्यावर नवे. बुटांच्या टोकात चिंध्या कोंबून पंधरा दिवस ती माझे बूट घालून डोक्याएवढ्या उंच ज्वारीत फिरली होती, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं. गावाच्या हसण्याची धास्ती तिलाही होतीच. मला माझी लाज वाटली आणि डोळ्यांत पाणी आलं.

मी सुई दिव्यावर तापवली, दोरा एरंडेलात बुडवला आणि पाणी झिरपून जावं म्हणून फोडातून हलकेच ओवला.

"कातडं वढू नका," ती म्हणाली. "तेवढी अक्कल खाटंवर आली असंल."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "फोडप्पा, हायस का घरात?"

"ओ द्या की," ती हसली.

"आता तूच दे."

दुसऱ्या दिवशी तिला खाटेवर बसवलं, बूट माझ्या पायात चढवले आणि पाखरं राखायला मी निघालो, तोही भर चावडीवरून. चावडी पोट धरधरून हसली. मी मागं फिरून आणखी एक फेरी मारली.