अंगठ्याची जागा

काठी आचेवरून बाजूला घेऊन तिनं ती टेबलाच्या कडेवर टेकवली आणि सवयीनं आतल्या बाजूला वाकवायला गेली. मग स्वतःशीच हसली आणि काठी उलटी फिरवली. इतकी वर्षं व्हायोलिनचे गज बनवणाऱ्या हातांना एकच गोष्ट ठाऊक होती, काठी तिच्यावर ताणलेल्या घोड्याच्या केसांच्या दिशेनं वाकवायची. ही मात्र बाहेर फुगवायची होती, शिकाऱ्याच्या धनुष्यासारखी. हात कुरकुरत होते. तिनं त्यांना मनातल्या मनात दम दिला आणि लाकूड गार होईपर्यंत काठी तशीच दाबून धरली.

समोरच्या भिंतीवर एका जुन्या चित्राची छापील प्रत डकवलेली होती. तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी वादक, बहुधा नाचणाऱ्यांना साथ देणारा. व्हायोलिन हनुवटीखाली नाही, छातीशी टेकवलेलं. गज आखूड आणि फुगीर. आणि गज धरलेल्या हाताचा अंगठा काठीवर नाही, खालून, केसांना लागलेला. त्या अंगठ्याभोवती तिनं पेन्सिलीनं गोल काढला होता.

फोन वाजला. आई होती.

"ह्यांनी व्हायोलिन शाळेला द्यायचं ठरवलंय. शनिवारी न्यायला येणार आहेत."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हणाले, इथे राहून नुसती धूळ खाणार. मी म्हटलं, धूळ मी पुसते, तुम्हाला काय त्रास? तर गप्प बसले." आईचा आवाज खाली आला. "चिडले तर मला काही वाटत नाही गं. गप्प बसले की भीती वाटते."

तिनं हातातल्या काठीकडे बघितलं. अजून केस बसवायचे होते, टोक कोरायचं होतं, मुठीपाशी केस ताणून धरणारी लाकडी ठोकळी तर हातातही घेतली नव्हती.

"त्यांना शुक्रवारी माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "सांग, एक गज तपासून हवाय."

बाबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि शेवटी वयाकडे बोट दाखवून हात वर केले. हल्लीचा गज धरायचा तर अंगठा दुमडून काठी आणि ठोकळी यांच्या बेचक्यात रोवावा लागतो, आणि नेमकं तेच बाबांना जमेना. आधी त्यांनी रोजच्या तासभर वाजवण्याची पाच मिनिटं केली, मग तीही सोडली. शिकायला येणाऱ्यांना ते गाऊन दाखवत. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी किती दिवस पुरणार?

दैवाला विनोदबुद्धी असते ती अशी. कारण बाबांची सगळी कीर्ती अंगठ्यावरच उभी होती. त्यांच्याकडे शिकलेल्या माणसाचा अंगठा जन्मात कधी ढळत नसे. पोरं पाठीमागे त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणत, आणि त्यांना ते कळलेलं होतं, आणि थोडंसं आवडलेलंही होतं.

ढळला तो एकटा तिचा. लहानपणी गज हातात घेतला की तिचा अंगठा हळूच घसरून केसांखाली जाऊन बसायचा, मांजर गादीखाली जातं तसा. "अंगठा!" बाबा ओरडायचे. शेजारच्या खोलीतून ओरडायचे, न्हाणीघरातून तोंडाला साबण लावलेला असताना ओरडायचे. बघावंही लागत नसे त्यांना, आवाजावरून कळायचं. शेवटी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका काठीवर लावला, अंगठ्याची जागा म्हणून. दोन वर्षं त्या ठिपक्यानं तिचा पिच्छा पुरवला. ज्या वर्षी अंगठा जागेवर आला त्याच वर्षी परीक्षा देऊन तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, ते ठेवलंच. भांडण झालं नाही. तिचं मन उडालं, एवढंच. बाबांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. वाजवणं सुटलं तरी त्या वाद्यापासून लांब काही जाता येईना, म्हणून ती गज बनवायला शिकली.

शुक्रवारी बाबा आले ते जिना चढून दमलेले, पण इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर ठेवलेला गज बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"बाण कुठाय याचा?"

"वस्तुसंग्रहालयानं मागितलाय," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीचा. मला वाजवून कळत नाही, म्हटलं तुम्ही बघाल."

"कुठल्या वस्तुसंग्रहालयानं?"

ती गजाच्या केसांना घासायचा राळेचा खडा शोधायला लागली. तो समोरच होता.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नये," बाबा म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यांनी गज डाव्या हातानं उचलला, वजन जोखलं, पुन्हा जोखलं. "पिसासारखा आहे की. माझा तो घरचा, नाकापेक्षा मोती जड. टोकच खाली ओढतं."

"पूर्वी हलकेच असायचे," ती म्हणाली. हे सगळं तिनं घोकून ठेवलं होतं. "एका खोलीत पाच-पंचवीस माणसं नाचायची, त्यांच्यापुरता आवाज पुरे व्हायचा. मग मोठी सभागृहं आली. शेवटच्या बाकावरच्या माणसानंही पैसे मोजलेले, त्याला ऐकू जायला नको? म्हणून गज लांब झाला, जड झाला, आत वाकला. व्हायोलिनची मान लांबवली, तारा ताणल्या. आणि हे सगळं पेलायचं म्हणून अंगठा…"

"मला इतिहास शिकवतेस होय?" बाबा म्हणाले. चिडून नाही. "त्याच्याही आधी घोड्यावरची माणसं वाद्य मांडीवर उभं धरून वाजवत असत. घोडा त्यांचा, गजाचे केस त्याच घोड्याच्या शेपटीचे. पुढे बोल."

पुढचंच अवघड होतं. पुढचं वाक्य असं होतं की, बाबा, तेव्हा अंगठा केसांखाली ठेवायचे, दुमडावा लागत नाही, तुम्हाला दुखणार नाही. साधं वाक्य. पण ज्या चुकीसाठी आपण दोन वर्षं बोलणी खाल्ली तीच चूक आपल्या बापाला औषध म्हणून द्यायची, हे तोंडातून निघेना. टोमणा वाटला तर? आणि उद्या शनिवार होता. ती मुकाट्यानं दुरुस्तीला आलेलं एक व्हायोलिन घेऊन आली, सुरात लावलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

बाबांनी ते खांद्याला लावलं. उजवा हात पुढे केला, गज घेतला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत त्यांचा अंगठा हळूच घसरून केसांखाली जाऊन बसला.

चाचपडणं नाही, विचारणं नाही. जणू तिथे रोजचीच उठबस होती.

त्यांनी एक लांब सूर काढला. बारीक होता, थोडा खरखरीत, पण गोड. मग एक छोटीशी नाचाची धून, उड्या मारत जाणारी. एक जागा चुकली, ती परत घेतली. आवाज खोलीपुरता होता आणि खोली त्यानं भरली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती बाबांना वाजवताना बघत होती. तिचे डोळे भरून आले, तिनं ते भरू दिले.

"दुखतंय?"

"नाही." बाबांनाच नवल वाटलं. "अजिबात नाही."

"असं धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाबांनी गज गुडघ्यावर आडवा ठेवला. केसांवरची राळ उगाच बघत राहिले.

"तूच."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तू शाळेत गेलीस की तुझं ते छोटं व्हायोलिन काढायचो. वाटायचं, इतकं सांगून ही पोर ऐकत का नाही, करून तरी बघू. करून बघितलं, तर हात असा मोकळा सुटला…" त्यांनी मनगट हवेत फिरवून दाखवलं. "मग रोजच करायला लागलो. माझ्या जड गजाला ही पकड पेलत नाही, तुझा तो छोटा हलका होता. तुझी आई भाजी आणायला गेली की."

"आणि मला मात्र ओरडत होतात."

"ओरडत होतो. परीक्षेला बसवायचं होतं तुला. तिथे माझ्याहून कडक माणसं बसायची, अंगठा बघूनच नापास केलं असतं. म्हटलं, आधी त्यांच्यासारखं येऊ दे. मग सांगू, आता धर तुला हवं तसं." त्यांनी गुडघ्यावरचा गज उगाच सरळ केला. "मग तू वाजवायचंच सोडलंस. कुणाला सांगणार?"

तिला राग आला. अगदी खराखुरा, तेरा वर्षांच्या मुलीचा राग. पण तो नीट उभा राहण्याआधीच तिला ते घर दिसलं: दार लावलेलं, आई बाजारात गेलेली, आणि हे एवढे मोठे अंगठेबहाद्दर हनुवटीखाली लेकीचं खेळण्याएवढं व्हायोलिन धरून, चोरून चूक करतायत. रागाला बसायला जागाच राहिली नाही. तिनं टेबलावरचा लाकडाचा भुसा तळहातानं एका बाजूला लोटला, मग दुसऱ्या बाजूला.

"आईला फोन लाव," बाबा म्हणाले. "म्हणावं, शाळेला कळव, उद्या येऊ नका."

तिनं लावला. आईनं "बरं" म्हटलं आणि मग बराच वेळ नाक पुसलं.

फोन ठेवून ती वळली, तर बाबांनी व्हायोलिन तिच्यापुढे धरलं होतं.

"घे."

"मी? बाबा, मी किती वर्षांत…"

"घे म्हणतो ना."

तिनं घेतलं. हनुवटी टेकवली, गज उचलला. तिचा अंगठा वाकला आणि बरोबर काठीच्या बेचक्यात जाऊन बसला, जिथे बसवला होता तिथेच, तसूभरही इकडेतिकडे नाही. जगातल्या कुठल्याही परीक्षकानं मान डोलावली असती.

बाबांनी क्षणभर त्या हाताकडे बघितलं.

"चुकलं," ते म्हणाले.

ते स्टुलावरून उठले, जवळ आले आणि आपल्या आखडलेल्या बोटांनी तिचा अंगठा काठीवरून सोडवायला लागले. तो सहजासहजी सुटत नव्हता. बाबांनी घाई केली नाही.