संडासाच्या दारावरचं तेज

"आजपासून या व्हॅनला काळसुद्धा हात लावणार नाही!" कवचगुरूंनी गर्जना केली आणि लगेच खालच्या आवाजात भर घातली, "तुम्हीही लावू नका. ओलं आहे."

गॅरेजात जमलेल्या गर्दीने हात जोडले. गुरूंनी बाटलीतलं द्रावण निळ्या बॉनेटवर फिरवलं होतं आणि तिथे चक्क इंद्रधनुष्य उमटत होतं.

"तेज उतरलं! आता ब्रेक लागो न लागो, अपघात नाही!"

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हॅन त्यांच्या नवऱ्याची, आत बसणारी पोरं त्यांच्या शाळेची, आणि ब्रेक दाबला की व्हॅन आधी विचार करायची, मग थांबायची.

"अहो, आपण ब्रेक बदलायला आलो होतो ना?"

"अगं, हळू बोल," नवरा कुजबुजला. "कवच चढतंय."

"उतारावर तेच थांबवणार का गाडी?"

"संशयाने तेज विटतं, ताई," गुरू म्हणाले.

बाईंनी बाटली उचलली. गॅरेजच्या संडासाच्या काळ्या, चकचकीत दारावर थोडं द्रावण फासलं. थोड्या वेळाने दारावरही इंद्रधनुष्य आलं.

"इथेही उतरलं. जोडा हात!"

कोणीतरी फिसकन हसलं. एका आजोबांचे हात सवयीने जुळलेसुद्धा.

"यातला उडणारा भाग उडतो, पातळ थर उरतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्यावर दिसतात. त्याचा अर्थ एवढाच, की आता पुसून घ्या." बाईंनी मऊ फडक्याने दार पुसलं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने. दारात गर्दीला स्वतःचीच तोंडं दिसली. "हे गाडीच्या रंगावर लावायचं सिरॅमिक कोटिंग. वस्तू चांगली आहे. रंग राखते, पाणी ओघळवते. गाडी थांबवत नाही."

तेव्हा गुरूंना बॉनेट आठवलं. पुसायची वेळ टळली होती. थर काळपट डाग धरून कडक झाला होता. गुरू घासू लागले. डाग हलेनात, घाम मात्र निघाला.

"आता पॉलिशशिवाय सुटका नाही," बाई कडाडल्या. "डोक्यात भरवलेलंही वेळेत पुसायचं असतं, नाहीतर असंच चिकटतं. उद्या एखाद्या पोराच्या आईला काय दाखवणार होतात? चमक? एवढी खात्री आहे ना, मग बसा पुढे. उतारावरून फेरी मारू."

गुरूंनी उताराकडे पाहिलं. बसले नाहीत.

नवऱ्याने ते पाहिलं आणि मिस्त्रीला हाक मारली, "चाकं खोल रे बाबा."

गर्दी पांगली. गुरू मात्र घुटमळत राहिले.

"ताई, जाताना मला बसथांब्यावर सोडाल?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे... ब्रेक झाल्यावर."