खोडाची सावलीतली बाजू

दहा वाजता करवती सुरू होणार होत्या, आणि साडेआठला तिला ते पान सापडलं.

टेकडीच्या पायथ्याशी संशोधन केंद्राची उपकरणांची खोली. टेबलावर वायरची भेंडोळी, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, कोपऱ्यात चिखल वाळलेले बूट. झाडांचे क्रमांक पुन्हा एकदा ताडून पाहावेत म्हणून तिने तीन वर्षांपूर्वीची वही काढली होती. पानाच्या तळाशी एकच ओळ होती: वायर अपुरी, सगळ्या सुया उन्हाच्या बाजूला.

"आप्पा, हे अक्षर कुणाचं?"

आप्पा म्हणजे केंद्राचे जुने तंत्रज्ञ. खोडात सुया बसवण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. त्यांनी चष्मा वर केला. "तुमचंच. इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार?"

"मग पुढच्या महिन्यात बदलू म्हणालो होतो ना?"

"तुम्ही म्हणाला होतात. मी वायर आणूनही ठेवली. ती बघा, तुमच्या पाठीमागे टांगली आहे."

तिने स्टूल ओढलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

खोडात खाली-वर दोन सुया असतात. खालची दर दहा मिनिटांनी क्षणभर तापते आणि झाड पाणी वर ओढत असेल तशी ती ऊब वरच्या सुईला जाऊन भिडते. जितक्या लवकर भिडेल, तितकं झाड जास्त पितं. पण उन्हाकडच्या फांद्या जास्त ओढतात, सावलीकडच्या कमी. तिने उन्हाच्या बाजूचा आकडा घेतला आणि अख्ख्या खोडाला लावला. घरातल्या पैलवानाचं ताट पाहून सगळ्या घराचा शिधा काढावा, तसं झालं होतं.

आणि त्याच शिध्यावर तिचा अहवाल उभा होता. झाड दिवसाला साठ लिटर पितं, आणि त्याच्या सावलीमुळे, मुळांमुळे पावसाचं जे पाणी जमिनीत मुरतं ते दिवसाला पन्नास लिटर पडतं. साठ पिऊन पन्नास देणारं झाड तोट्याचं. टेकडी मोकळी करा, खालचा झरा वाढेल. उन्हाळे लांबले होते, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळून वाहून जात होता, झऱ्यावर भरणाऱ्या टाकीतून शहराला दर पाचव्या दिवशी पाणी मिळत होतं. अशा वेळी तो अहवाल लोकांना देवाचा कौलच वाटला.

गप्प बसलं असतं तर कोण विचारणार होतं? वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तिच्याकडे. देव माणसाची परीक्षा अशीच घेतो, वर्गात पर्यवेक्षक न ठेवता.

"आप्पा, ती वायर घ्या. ड्रिलही."

"आणि दीर विचारतील तेव्हा?"

"तेव्हा सांगेन."

पाणीखात्याचा इंजिनीअर तिचा सख्खा धाकटा दीर. अहवाल बैठकीत छातीठोकपणे मांडून झाडतोडीची मंजुरी त्यानेच आणली होती. टेकडीवर तो हेल्मेट घालून उभा होता, मागे सहा करवतवाले.

"भाऊजी, आज थांबवा."

"वहिनी, चेष्टेची वेळ नाही ही."

"आकडा चुकलाय. माझा."

त्याचा चेहरा उतरला. मग कडक झाला. "किती?"

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजानेच इथवर आलोय, भाऊजी."

त्याने तिला बाजूला घेतलं. "लोक पहाटेपासून कॅन घेऊन टाकीखाली उभे असतात. त्यांना मी शब्द दिलाय, तुमच्या भरवशावर. घरात काय तोंड दाखवू, बाहेर काय दाखवू?" घड्याळाकडे पाहत तो म्हणाला, "एक वाजेपर्यंत. एक वाजून एक मिनिटाला करवत चालेल."

तीन झाडं निवडली. आप्पांनी सावलीच्या बाजूला भोकं पाडली, सुया बसवल्या, दोन्ही बाजू एकाच यंत्राला जोडल्या. करवतवाले दगडांवर बसून साखळ्यांना धार लावू लागले. त्या करकरीने तिच्या दातांत शिरशिरी येत होती.

साडेदहाला पहिले आकडे आले. दोन्ही बाजू जवळपास सारख्या.

"मग?" दीर म्हणाला.

"ऊन चढू द्या. पानं अजून नीट जागी झाली नाहीत."

"शहर कधीचं जागं आहे."

वही खरी, पण चूक खरंच तेवढी मोठी होती का? नसेल, तर तीन तास आणि अब्रू दोन्ही वाया.

साडेअकराला उन्हाकडचा आकडा चढू लागला. सावलीकडचा जागचा हलेना. साडेबाराला पहिल्या झाडाला उन्हाकडे ताशी वीस सेंटिमीटर, सावलीकडे पाच. दुसऱ्याला वीस आणि सहा.

"तिसऱ्याचं का सांगत नाही?" दिराने विचारलं.

"सांगते. वीस आणि दहा. ते कडेला आहे, दोन्हीकडून ऊन लागतं. तेही धरलंय." तिने कागद पुढे केला. "दोन्ही बाजूंची सरासरी धरली, तर साठ लिटर नाही. चाळीसच्या आसपास."

"चाळीस म्हणजेही पाणीच ना, वहिनी?"

"झाड चाळीस पितं आणि पन्नास मुरवतं."

तो कागदाकडे पाहत राहिला. पुन्हा वाचला. "म्हणजे आज तोडली असती तर..."

"झरा आणखी आटला असता."

एक वाजायला सात मिनिटं होती. त्याने करवतवाल्यांना हात केला, सामान आवरा म्हणून. त्यातला एक पुटपुटला, "शिकलेल्या लोकांचं हे असं." तेवढ्यात दिराचा फोन वाजला. नगरपालिकेच्या अध्यक्षबाई. तो उचलेना. मग फोन तिच्यापुढे धरून म्हणाला, "बोला. मला जमणार नाही."

तिने घेतला. "नमस्कार. झाडं तोडलेली नाहीत. माझा हिशेब चुकला होता. इंजिनीअरसाहेबांचा यात काही दोष नाही."

पलीकडे कुठेतरी रिकामे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता.

"बरं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग आमचं पाणी कुठे जातंय?"

"ते मला अजून माहीत नाही."

"हे इथे येऊन सांगाल? टाकीखाली? सगळे उभे आहेत."

तिने दिराकडे पाहिलं. तो गाडीचं दार उघडून उभा होता.

"येते," ती म्हणाली.