नाडीवर लावलेलं घड्याळ

ही गोष्ट कुणालाच खरी वाटणार नाही. सांगणाऱ्याच्या सख्ख्या भावाला वाटली नाही, आणि तो तर न्हाव्याच्या दुकानात ऐकलेलं सगळं खरं मानतो.

घड्याळजींनी भिंतभर घड्याळ उभारलं होतं. तासाचा ठोका पडला की बोटाएवढी पितळी शिंपीण दार उघडून बाहेर यायची, सुई डोळ्यांसमोर धरायची आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवायची. बघणारे श्वास घ्यायचं विसरत. वरचा तांब्याचा चंद्र खऱ्या चंद्राबरोबर झिजायचा आणि त्याच्याबरोबरच भरायचा.

चूक एकच झाली होती. लंबक जुळवताना हाताशी दुसरं बिनचूक घड्याळ नव्हतं, म्हणून घड्याळजींनी बायकोचं मनगट धरलं.

"अहो, सोडा, दूध उतू जातंय!"

"हलू नकोस, सेकंद सांडतील!"

त्या घटकेपासून घड्याळाचा आणि तिचा ठोका एक झाला. बाई शांत स्वभावाची, म्हणून घड्याळ कधी चुकलं नाही. सारं गाव त्यावर वेळ लावायचं. घड्याळजी तिच्याशी भांडायचेसुद्धा नाहीत. न जाणो, गाव पुढे जायचं!

आणि बाईला ताप चढला. काटे सुसाट सुटले. शिंपीण इतक्या वेगानं ओवू लागली की तिचे हात दिसेनासे झाले. डॉक्टरांनी मान हलवली. "आता काही आपल्या हातात नाही."

"तुमच्या नसेल," घड्याळजी म्हणाले, आणि लंबकाखालच्या चाकीला हात घातला. हयातभर त्यांनी एक सेकंद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आता गावाच्या वेळेचा बट्ट्याबोळ होणार. होऊ दे! चाकी फिरली, वजन खाली सरकलं, झोका संथ झाला. दर फेऱ्याला बाईचं कपाळ निवत गेलं. शिंपीण दमल्यासारखी थांबली. बाईनं डोळे उघडले, भिंतीकडे पाहिलं.

"अहो, घड्याळ चुकलंय. लोक काय म्हणतील?"

घड्याळजी हसता हसता रडले.

मग काय! बाई हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी हौसेनं घड्याळ उतरवलं, लंबक काढून ठेवला, एकेक चाक रॉकेलनं धुतलं. आठवडाभर दोघं नवराबायको सतरंजीवर बसून दाते पुसत होती, आणि बाई तर गाणं गुणगुणत...

"थांबा, मामंजी!" मटार सोलता सोलता ऐकणाऱ्या धाकट्या सुनेनं हात वर केला. "लंबकच काढून ठेवला होता ना? मग आठवडाभर त्या बाईचं काळीज कशावर चाललं होतं?"