न मारलेल्या फेऱ्या

पहाटे लेकीचा तिच्या सासरच्या गावाहून फोन आला. खैरा रडत नव्हती, म्हणून तर मी जास्त घाबरलो.

"बाबा, दासीनला विंचू चावलाय. इथल्या दवाखान्यातलं औषध संपलंय. नर्सबाई म्हणतात तमनरासेतून आणा, पण लवकर आणा."

दासीन माझी नात. चार वर्षांची, चपला कधी पायात घालायची नाही. मी राहतो त्या तमनरासे शहरातल्या दवाखान्याचं दार बडवून मी औषध मिळवलं, बर्फाच्या पेटीत घातलं, पेटी शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधली आणि निघालो. सोबत कुणी घ्यायला हवं होतं. पण माणूस उठवा, त्यानं तोंड धुवावं, मुंडासं गुंडाळावं, एवढा धीर कुणाला होता?

हा रस्ता सहारा उभा चिरत जातो. आजोबांनी याच वाटेनं उंटांवरून मिठाच्या लाद्या नेल्या, वडिलांनी लॉरी हाकली, मी पिकअप चालवतो. तिघांनाही याची भीती वाटायची. बोलून दाखवणारा मी एकटाच.

सकाळभर मी पेटीकडे बघत गाडी चालवली. ऊन चढत होतं. बर्फ वितळला तर? गाडी गरम झाली तर? त्या मेल्या विंचवाला माझंच घर सापडलं होतं का? मी मोठमोठ्यानं बोलत होतो. एकटा माणूस या रस्त्यावर बोलायला लागला की समजावं, त्याची पाचावर धारण बसली आहे.

मग पीराची कबर आली. रस्त्यापासून जरा आत पांढरा घुमट, बाजूला राखणदार हाज लखदरची झोपडी. इथे प्रत्येक गाडीवाला डांबर सोडून गाडीनंच कबरीला तीन फेऱ्या मारतो आणि मगच पुढे जातो. फेऱ्यांना वेळ लागत नाही हो. वेळ लागतो हाजला. तो चहा पाजतो, एकामागून एक तीन पेले, आणि तिसरा संपेपर्यंत घरच्या शेळ्यांचीसुद्धा चौकशी करतो. किटली हातात घेऊन तो बाहेर आलेला मला दिसला. त्यानं हात वर केला.

मी ॲक्सिलेटर दाबला. हातही केला नाही. लॉरीच्या चाकाएवढा होतो तेव्हापासून या रस्त्यावर आहे, पण फेरी कधी चुकवली नव्हती. आरशात घुमट लहान होत गेला. "बाबा, माफ कर," मी पीराला म्हणालो, "राग धरायचाच तर माझ्यावर धर, पोरीवर नको."

पुढे डांबर पार उखडलेलं. अशा ठिकाणी सगळे खाली वाळूत उतरतात, चाकोऱ्या बघून रस्त्याच्या कडेकडेनं जातात. मला घाई. लांबची चाकोरी सपाट दिसली म्हणून तिकडे वळलो. एक टेकाड मध्ये आलं, रस्ता दिसेनासा झाला, आणि गाडी पिठासारख्या मऊ धुळीत बसली. पार आसापर्यंत.

चाकांखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या? घरी, अंगणात. फावडं? तेही तिथेच. आदल्या दिवशी गाडी धुवायला काढली होती ना मी, शहाण्यानं.

हातांनी उकरलं. उकरावं तेवढी धूळ परत आत यायची. फोनला रेंज नाही. पेटी उघडून बघितली, अर्धं पाणी झालं होतं. इथे पहिला नियम असा, की गाडी सोडून चालायचं नाही. चालणाऱ्यांची हाडंच सापडतात. पण मी गाडीपाशी बसलो तर दासीनचं काय? आणि टेकाडामागे मी बसलोय हे कुणाला कळणार? फेऱ्या मारल्या असत्या, चहा घेतला असता, तर निदान हाजनं पुढच्या लॉरीवाल्याला सांगितलं असतं की अमूद पुढे गेलाय, बघ जरा. मी तेही तोडून आलो होतो. मला रडू फुटलं. पेटी मांडीवर घेऊन तिच्यावर सावली धरून रडलो.

शेवटी पाण्याचा डबा पाठीला बांधला, पेटी उचलली आणि टेकाड चढायला लागलो. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज आला. आधी वाटलं डोकं फिरलं. मग टेकाडावरून लॉरीचं नाक डोकावलं.

घार्दाया गावचा बाहमद, याच रस्त्यावरचा लॉरीवाला. माझ्या टायरच्या खुणा धरून हळूहळू येत होता.

"काय अमूद, पेटी घेऊन सहलीला?"

"तू इकडे कसा?"

"त्या म्हाताऱ्याला विचार. रस्त्यात हात पसरून आडवा उभा राहिला. चहासुद्धा दिला नाही मला. म्हणे, अमूद फेरी न मारता गेला. तो भित्रा आहे, उगाच फेरी चुकवायचा नाही, त्याच्या घरी कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. त्याच्या मागे जा, म्हणे, खुणा सोडू नकोस." तो साखळी काढत होता. "कोण आहे?"

"नात."

त्यानंतर तो थट्टा करेना. गाडी ओढून काढली आणि डांबर लागेपर्यंत माझ्यापुढे राहिला.

उन्हं कलताना पोचलो. नर्सबाईंनी माझ्या हातातून पेटी हिसकावलीच. दासीन घामानं थबथबली होती, श्वास घरघरत होता, डोळे उघडे असून मला ओळखत नव्हते. इंजेक्शन दिलं. खैरानं माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. आम्ही दोघं फक्त तिच्या छातीकडे बघत होतो. वर, खाली. वर, खाली. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नाही. दिवे लागायच्या वेळी तिनं मान वळवली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या दाढीला केवढी माती."

आठवड्यानं तिला मांडीवर घेऊन मी परत निघालो. तिच्या पायात चपला होत्या, मी बांधून घातलेल्या. कबरीपाशी डांबर सोडलं आणि तीन फेऱ्या मारल्या, सावकाश. मग चाक वळवलं आणि चौथी फेरी हाजच्या झोपडीला घातली.

तो किटली घेऊन धावत बाहेर आला.

"ए अमूद," तो ओरडला, "मी मेलो नाहीये अजून."